पेटी रिकामी की आवक बंद? गाडीच्या बॅटरीचा हिशोब



गटातल्या ताईच्या दारात गाडी उभी असणं ही आता आपल्या जिल्ह्यात नवलाची गोष्ट राहिली नाही. कोणाकडे छोटा हत्ती आहे, कोणाकडे तीनचाकी, कोणाकडे स्कूटी. केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तीही याच विचारानं. गटातल्या बाईनं गाडी घ्यावी, आडवळणाच्या गावातून माणसं आणि माल न्यावा आणि त्यातून घर चालवावं. समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद असो, सेलूची भाजी असो, नाहीतर आर्वीची संत्री असोत, माल बाजारात पोचला तरच पैसा होतो. आणि माल पोचवायला गाडी सुरू व्हावी लागते.

गाडी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं उभं राहतं. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो तारखेला येतोच.

सकाळी चावी फिरवली आणि इंजिन फिरण्याऐवजी नुसतं टक् टक् वाजलं, की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "बॅटरी गेली बाप्पा, नवीन टाका." मग गटातून चार-पाच हजार उचलले जातात, नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते. महिन्याभरात पुन्हा तीच टक् टक्. कारण दोष बॅटरीत नव्हताच. बॅटरीला भरणारी यंत्रणा बंद होती.

या महिन्याचा पाठ त्यासाठीच आहे. गाडी दुरुस्त करणं हे मिस्त्रीचं काम. पण दोष कुठल्या बाजूला आहे हे ओळखणं आपलं काम आहे, आणि ते आपल्याला जमतं. त्यासाठी एक साधा मीटर आणि तीन आकडे पुरतात.

आधी हिशोब समजून घेऊ

बॅटरी म्हणजे गटाची पेटी समजा. सेल्फ मारला, दिवे लावले, हॉर्न वाजवला, की पेटीतून पैसे जातात. ही जावक झाली. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो आणि पेटीत परत भरतो. ही झाली आवक. मिस्त्री लोक त्याला अजूनही डायनामोच म्हणतात, कारण जुन्या गाड्यांत डायनामो असायचा.

तिसरा एक भाग आहे, रेग्युलेटर. किती भरायचं आणि कुठं थांबायचं, हे तो ठरवतो. आपल्या गटात बचत किती हे ठरावानं ठरतं, तसाच हा गाडीतला ठराव. आणि चौथा भाग म्हणजे वायर, फ्यूज आणि टर्मिनल. गोळा झालेली बचत पेटीपर्यंत नेणारी ही वाट.

आता गटातला अनुभव आठवा. पेटीत पैसे नाहीत, तर आपण लगेच नवी पेटी आणतो का? नाही. आपण वही उघडतो. बचत येते आहे का? आली तर पेटीपर्यंत पोचली का? कोणी गुपचूप उचलते आहे का? की पेटीलाच भोक आहे? गाडीतही हेच चार प्रश्न विचारायचे. पेटी बदलून हिशोब जुळत नसतो.

काय काय लागेल

१. डिजिटल मीटर. मिस्त्री आणि वायरमन वापरतात तोच मल्टिमीटर. साधा मीटर तीनशे ते पाचशे रुपयांत विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. एक मीटर पूर्ण ग्रामसंघाला पुरतो.
२. दहा नंबरचा पाना (बहुतेक टर्मिनलला हाच लागतो), जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलिन.
३. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.
४. वही आणि पेन. हे विसरू नका, निम्मं काम वहीच करते.

हात लावण्याआधी

पदर खोचा, ओढणी मागे बांधा, केस वर बांधा. चालू इंजिनचा पट्टा आणि पंखा कपडा ओढून घेतात.

धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र आत टाका. प्लसच्या टर्मिनलला आणि गाडीच्या बॉडीला धातू एकाच वेळी लागला, तर तो क्षणात लालभडक तापतो.

बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि तडक दवाखान्यात जा. सुती लुगड्यावर थेंब पडला तर धुताना तिथं भोक पडलेलं दिसेल.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून जवळ बिडी नको, काडी नको. दसऱ्याला गाडीची पूजा करताना उदबत्ती आणि दिवा पुढच्या चाकाशी ठेवा, बॅटरीजवळ नको.

बॅटरी सोडायची असेल तर आधी मायनस सोडायचा, मग प्लस. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. उलट केलं तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते.

मीटर कसा धरायचा

काळी वायर "कॉम" लिहिलेल्या भोकात. लाल वायर "व्ही" लिहिलेल्या भोकात. तिसरं भोक १० अँपिअरचं असतं, त्यात लाल वायर राहिली आणि बॅटरीला लावली तर सरळ शॉर्टसर्किट होतं. म्हणून दर वेळी भोक पाहूनच मीटर लावायचा. मधलं बटण डीसी व्होल्टच्या २० वर फिरवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक मायनसला. टोक टर्मिनलच्या क्लिपवर नाही, बॅटरीच्या मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. बस, आकडा दिसतो.

पहिला आकडा: रात्रभर उभ्या गाडीचा

सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचा हिशोब असा:

१२.६ किंवा थोडा जास्त: पेटी भरलेली आहे.
१२.४: बारा आण्यांची भरली आहे.
१२.२: अर्धीच आहे.
१२.०: चार आणे उरले.
११.८ च्या खाली: रिकामी.
१०.५ च्या आसपास आणि चार्ज करूनही वर चढत नाही: एक घर मेलं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचं. एक गेलं की एवढा आकडा कमी होतो.

लक्षात ठेवा, रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आकडा फक्त पेटीत किती आहे ते सांगतो. का कमी आहे ते सांगत नाही.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना

एकीनं मीटर धरायचा, दुसरीनं सेल्फ मारायचा. आकडा क्षणभर खाली पडतो, ते ठीक आहे. भरलेली बॅटरी असूनही तो ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरीत दम राहिला नाही. कधी कधी स्टार्टर मोटरच जास्त वीज ओढते, तेव्हा मिस्त्रीला तेही पाहायला सांगा. पण ही तपासणी बॅटरी भरलेली असतानाच खरी. रिकाम्या बॅटरीचा आकडा पडणारच, त्यावरून तिला मेली म्हणू नका.

तिसरा आकडा: इंजिन चालू असताना

हा सगळ्यात मोलाचा. इंजिन सुरू करा, थोडं रेस द्या आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा.

१३.८ ते १४.५ च्या दरम्यान: आवक चालू आहे. आता हेडलाइट आणि पंखा लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.२ च्या वर राहिला पाहिजे.

आकडा सकाळचाच, म्हणजे १२ च्या घरात, आणि दिवे लावले की आणखी उतरतो: आवक बंद आहे. गाडी पेटीतल्या शिलकीवर चालते आहे. इथं नवी बॅटरी टाकली तर तीही काही तासांत रिकामी होणार.

१५ च्या वर: आवक गरजेपेक्षा जास्त, रेग्युलेटर बिघडला. हा दोष लवकर लक्षात येत नाही, कारण गाडी मस्त सुरू होते. पण बॅटरीतलं पाणी आठवड्यात आटतं, वरून आम्लाचा वास येतो, दिव्यांचे बल्ब वारंवार उडतात आणि शेवटी बॅटरी फुगते.

काही नव्या गाड्यांमध्ये संगणक आकडा वरखाली करतो. तिथं एकदाच पाहून निर्णय घेऊ नका, पाच-दहा मिनिटं पाहा.

आवक बंद असेल तर कुठं पाहायचं

सोप्यापासून अवघडाकडे जायचं. स्वस्त कारण आधी, महाग शेवटी.

पहिलं, टर्मिनल. पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? क्लिप हातानं हलते का? मायनसची जाड वायर बॉडीला जिथं बोल्टनं लावली आहे, तिथं गंज आहे का? मायनस-प्लस सोडून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, तिथलं आम्ल मरतं. कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. या कामाला पंधरा मिनिटं लागतात, आणि "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्या इथंच बऱ्या होतात.

दुसरं, पट्टा. इंजिन बंद ठेवून पट्ट्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. जास्त दबत असेल तर सैल आहे. आतल्या बाजूनं चकाकी आली किंवा चिरा पडल्या असतील तर बदला. सकाळी सुरू करताना किंवा दिवे लावल्यावर चिर्रर्र आवाज येतो, तो घसरणारा पट्टाच. अल्टरनेटर चांगला असूनही पट्टा घसरला तर आवक अर्धीच होते.

तिसरं, चार्जिंगचा लाल दिवा. चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे, तेव्हा डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की तो विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर आवक बंद, हे बहुतेकींना माहीत असतं. पण चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर तेही दोषाचंच लक्षण आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये अल्टरनेटरला जागं करणारी पहिली थोडी वीज याच दिव्याच्या वायरीतून जाते. बल्ब उडाला किंवा वायर तुटली, तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो. म्हणजे दहा-वीस रुपयांच्या बल्बासाठी काही हजारांचा अल्टरनेटर बदलला जाऊ शकतो. मिस्त्रीकडे जाताना हे नक्की सांगा.

चौथं, फ्यूज आणि वाट. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत एक मोठा फ्यूज असतो. तो पाहा. मग वाटेतली गळती मोजा. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. आकडा ०.३ च्या आत हवा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठंतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. तिथं ०.२ च्या वर नको. हे मोजताना हात पट्ट्यापासून लांब ठेवा. भीती वाटत असेल तर हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण आपल्यासमोर.

पाचवं, अल्टरनेटर स्वतः. वरचं सगळं ठीक असेल तरच तो उघडायचा. आत कार्बन असतात, ते घासून संपतात. रेग्युलेटर जातो. डायोड प्लेट जळते. बहुतेक वेळा यातला एकच भाग बदलून काम होतं, पूर्ण अल्टरनेटर बदलावा लागत नाही. म्हणून "आतलं काय गेलं?" हे विचारा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

आवक चांगली, तरी सकाळी पेटी रिकामी

इथं दोनच शक्यता. एक तर पेटीत पैसा टिकत नाही, म्हणजे बॅटरी थकली. नाहीतर रात्री कोणीतरी उचलतं आहे. टेप, मोबाइल चार्जर, नंतर लावलेले जादा दिवे, टपावरचा बल्ब, दाराचा अडकलेला स्विच, कधी अल्टरनेटरचा खराब डायोडसुद्धा रात्रभर वीज पितो.

घरी करायची सोपी परीक्षा अशी. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रात्री आकडा लिहा. मायनस सोडून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला, तर बॅटरी चांगली आहे आणि गळती गाडीत आहे. मायनस सोडूनही आकडा पडला, तर दोष बॅटरीतच. ही परीक्षा फुकट आहे आणि नवी बॅटरी घ्यायची की नाही, याचं सगळ्यात खरं उत्तर देते.

गळती सापडवताना मिस्त्री एक-एक फ्यूज काढून पाहतो. ज्या फ्यूजनं गळती थांबली, त्या वाटेवर चोर.

वर्ध्याचं ऊन आणि बॅटरी

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बोनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेनं बॅटरीतलं पाणी आटतं आणि आतल्या जाळ्या लवकर गंजतात. गंमत अशी की उन्हाळ्यात गाडी सुरू होते, कारण गरम इंजिन हलकं फिरतं. डिसेंबरच्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि तेव्हा ती कमजोरी उघडी पडते. उन्हाळा मारतो, हिवाळा दाखवतो.

म्हणून झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी पाहा. प्लेट पाण्याखाली बुडालेल्या हव्या, खुणेच्या वर मात्र भरू नका. फक्त बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल वॉटर टाका. बोअरचं, नळाचं, आरओचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आणि घरी आम्ल कधीही टाकू नका, आटतं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

बॅटरी पूर्ण उतरली असेल तर नुसतं धक्का मारून गाडी पळवून ती भरत नाही. अल्टरनेटर रोजची झीज भरून काढायला असतो, रिकामी पेटी भरायला नाही. दुकानात हळू चार्जला लावा. बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असेल तर साधारण साडेतीन अँपिअरवर, दहा-बारा तास. घाईनं जोरात चार्ज केली तर ती तापते आणि आयुष्य घटतं.

हे मात्र करू देऊ नका

काही ठिकाणी अजूनही इंजिन चालू असताना बॅटरीचा मायनस काढून "गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो चांगला" असं पाहतात. जुन्या डायनामोच्या काळातली ही सवय आहे. आजच्या अल्टरनेटरमध्ये त्यानं व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, गाडीचा संगणक जळू शकतो. "दादा, मीटर लावून पाहा," असं स्पष्ट सांगायचं. गाडी आपली आहे.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

पंखा, टेप, मोबाइल चार्जर बंद करा. इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. दिवसा असेल तर शिलकीवर गाडी काही अंतर जाते, जवळच्या गावात मिस्त्री गाठा. रात्री हेडलाइट शिलक भराभर संपवतात, म्हणून लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबा. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढत असेल तर पट्टा तुटला आहे. तेव्हा गाडी लगेच थांबवा आणि इंजिन बंद करा, नाहीतर खर्च बॅटरीचा नाही, इंजिनचा येईल.

स्कूटीवाल्या मैत्रिणींसाठी

स्कूटीत पट्ट्यावरचा अल्टरनेटर नसतो. इंजिनच्या आत कॉइल असते आणि बाहेर आरआर युनिट नावाचा डबा, तोच रेग्युलेटर. पण तीन आकडे तेच. चांगलं रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजे. नाही दिसले तर आधी फ्यूज, मग आरआर युनिटचा सॉकेट जळाला आहे का ते पाहा. बहुतेक स्कूटींची बॅटरी सीलबंद असते, ती उघडून पाणी टाकू नका. ई-रिक्षा आणि विजेची स्कूटी हा वेगळा विषय आहे. त्यातली मोठी बॅटरी जास्त व्होल्टची असते, ती घरी उघडायची नाही.

जुनी बॅटरी कुठं द्यायची

बॅटरीत शिसं असतं. ते लहान लेकरांच्या मेंदूला इजा करतं. म्हणून अंगणात फोडणं, आम्ल नालीत ओतणं, फुटकळ भंगारात विकणं, हे नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत बिलात वजा करून घ्या. पक्कं बिल आणि तारखेचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड गटाच्या कागदात ठेवा. शिक्का नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

बैठकीत सोडवायचा अभ्यास

हे चार हिशोब बैठकीत मोठ्यानं वाचा. आधी आपसात बोला, मग खालची उत्तरं पाहा.

पहिली गाडी: सकाळी १२.१. इंजिन चालू असताना १२.०, दिवे लावले की ११.८. टर्मिनल स्वच्छ, पट्टा घट्ट. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागत नाही.

दुसरी गाडी: चार्ज करून आणली, सकाळी १२.६. चालू इंजिनवर १४.२. पण सेल्फ मारताना ८.५. बॅटरी चार वर्षांची.

तिसरी गाडी: रात्री १२.६, सकाळी ११.९. चालू इंजिनवर १४.१. मायनस सोडून ठेवला त्या रात्री आकडा हललाच नाही.

चौथी गाडी: कधीच बंद पडत नाही. चालू इंजिनवर १५.६. दर आठवड्याला पाणी टाकावं लागतं.

उत्तरं: पहिलीत आवक बंद. आधी दिव्याचा बल्ब आणि त्याची वायर पाहा, मग फ्यूज, मग कार्बन आणि रेग्युलेटर. बॅटरी बदलू नका, चार्ज करा. दुसरीत बॅटरीचा दम संपला. स्टार्टर एकदा तपासून नवी घ्या. तिसरीत गळती, बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही चांगले. चोर शोधा. चौथीत रेग्युलेटर बिघडला. ही गाडी चालते म्हणून सोडून दिली, तर थोड्याच दिवसांत बॅटरी जाईल.

चारही गाड्यांना लोक एकच सल्ला देतात, नवी बॅटरी टाका. खरी गरज फक्त एकीला होती.

गाडीची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तशीच ही गाडीची:

१. दर पंधरा दिवसांनी टर्मिनल आणि पाणी पाहणे.
२. दर महिन्याला तीन आकडे मोजून वहीत तारखेसह लिहिणे.
३. रोज चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो आणि विझतो, हे पाहणे.
४. आकडे पाहिल्याशिवाय बॅटरीसाठी गटातून पैसे न उचलणे.
५. दुरुस्तीनंतर मिस्त्रीसमोर पुन्हा मोजणे आणि जुना भाग परत घेणे.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मीटर घेण्याचा ठराव मांडा. ज्या गावात गाडी असलेल्या ताई आहेत, तिथं निदान दोघींनी मोजायला शिकावं. एक बाहेरगावी गेली तर दुसरी असावी. ज्या मुलींना यातच पुढं जायचं आहे, त्यांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, दुचाकी दुरुस्तीच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं.

वहीत सहा महिन्यांचे आकडे जमले की एक गोष्ट आपोआप दिसेल. सकाळचा आकडा हळूहळू उतरतो आहे, तर बॅटरी थकत चालली आहे. मग ती रस्त्यात दगा देण्याआधीच, हप्त्याच्या तारखा पाहून, आपल्या सोयीनं बदलता येते. मिस्त्रीकडे जातानाही "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. "सकाळी बारा पॉइंट एक, चालू गाडीवर बारा, लाल दिवा लागत नाही," असं सांगा. असं बोलणाऱ्या बाईला कोणी उगाच नवी बॅटरी विकत नाही.